एक कमी बासष्ट

वझलवारकाकांचं घर आमच्या घरापासून चारशे दहा पावलांवर होतं. बर्फ असला की चारशे चाळीस, कारण बर्फात पावलं आखूड पडतात. हे मी मोजलेलं आहे, आणि का मोजलं तेही सांगून टाकतो. आमची मुक्ता शाळेत असताना खाली जेवणाच्या टेबलावर अभ्यास करताना काही अडलं, तर माझ्या खोलीत यायला तिला जिन्याच्या चौदा पायऱ्या चढाव्या लागत. ती त्या चौदा पायऱ्या सोडून चारशे दहा पावलं चालत जायची.

मी विमा कंपनीत आहे. माणसं साधारण किती जगतील याचे तक्ते करणं हे माझं काम. मिनेसोटात, ईडन प्रेरी गावात येऊन एकोणीस वर्षं झाली. आकड्यांत मला सहसा कोणी चूक दाखवत नाही. पण मुक्ताला आकडे नको असत. तिला 'असं का?' हवं असे, आणि ते काकांकडे मिळे.

मनोहर वझलवार मूळचे नागपूरचे. इथे बॉयलर तपासणीस होते. शाळा, इस्पितळं, जुन्या इमारती यांच्या तळघरांत शिरून बॉयलर नीट आहे की नाही ते पाहायचं आणि कागदावर सही करायची. मी ओळखायला लागलो तेव्हा निवृत्तीला आले होते. उंची बेताची, कानांवर केस, आणि मिनेसोटातल्या जानेवारीतसुद्धा दोन-दोन मोजे चढवून त्यावर सँडल. शर्टाच्या खिशात एक प्लास्टिकची पिशवी. तिच्यात अमेरिकेच्या राज्यघटनेची तळहाताएवढी पुस्तिका आणि सोबत चार-पाच लवंगा. त्यामुळे त्यांच्या घटनेला लवंगेचा वास यायचा. मुक्ता सात-आठ वर्षांची असताना तिला वाटायचं की सगळ्याच घटनांना येतो.

आणि तोंडात एकच प्रश्न: "कुठं लिहिलंय?"

मराठी मंडळात कोणी म्हणालं, 'आपल्याकडे नाटकाआधीच बक्षिसं देतात,' की काका विचारणार, कुठं लिहिलंय? डॉक्टर म्हणाले, 'या वयात भात बंद,' तरी तेच. विचारताना आवाज चढायचा नाही. खरोखर लिहिलेलं असलं, तर खिशातून चष्मा काढून वाचायचे आणि निमूट मान्य करायचे. भाताचं लिहिलेलं निघालं. त्या दिवसापासून भात बंद. काकू सांगायच्या, "यांच्याशी भांडायचं असेल तर आधी टाइप करून आणावं लागतं."

त्यांच्यावर मी जळत होतो. हे आधीच लिहून ठेवतो, म्हणजे पुढचं वाचणाऱ्याला माझा हिशेब तपासता येईल.

नागरिकत्वाच्या मुलाखतीचंच घ्या. मी त्या परीक्षेचे सगळे प्रश्न पाठ केले होते. पुढे, मागे, कुठूनही. तिथे दहापर्यंत प्रश्न विचारतात, सहा बरोबर आले की पास. माझे पहिले सहा बरोबर आले आणि बाईंनी फाइल मिटली. मी म्हटलं, उरलेले चार विचारा. त्या म्हणाल्या, गरज नाही. मी म्हटलं, तरी विचारा. त्यांनी विचारले नाहीत. ही गोष्ट मी एकदा पार्टीत सांगितली. कोणी हसलं नाही. बायकोने विषय बदलला.

काका त्याच परीक्षेत एक प्रश्न चुकले होते. राष्ट्राध्यक्षांचं कॅबिनेट काय करतं, असं त्यांना विचारलं. काकांनी लवंग गालात सारली आणि म्हणाले, "सल्ला देत असेल, पण कॅबिनेट हा शब्द घटनेत कुठं लिहिलाय?" अधिकारी म्हणाला, असेलच. काकांनी खिशातून पुस्तिका काढून त्याच्यासमोर ठेवली. त्याने चार-पाच मिनिटं शोधलं. खात्यांचे प्रमुख सापडले, कॅबिनेट हा शब्द सापडला नाही. "तरी तुमचं उत्तर मी चूक धरणार," तो म्हणाला. "धरा ना बाप्पा," काका म्हणाले, "तो अधिकार तुमचा आहे. ते लिहिलेलं आहे." ही गोष्ट मी निदान अकरा घरांत ऐकली. अकराही घरांत लोक पोट धरून हसले. सहापैकी सहा कोणाच्या लक्षात राहत नाहीत, एक चुकलेला माणूस राहतो. हे कुठल्या तक्त्यात बसवायचं ते मला आजवर कळलेलं नाही.

एकदा मुक्ताने जेवताना विचारलं, "बाबा, प्रेसिडेंटच्या वर कोण असतं?" मी म्हटलं, तसं कोणी नाही, पण सुप्रीम कोर्ट आहे, काँग्रेस आहे, आणि तिन्हींची कामं ओळीने सांगितली. सगळी बरोबर. तिने ऐकून घेतलं आणि दुसऱ्या दिवशी चारशे दहा पावलं चालून गेली. परत आली ती खोक्याच्या पुठ्ठ्यावर काढलेला बॉयलर घेऊन. खाली जाळ, मधे पाणी, वर सेफ्टी व्हॉल्व्ह. काकांनी तिला सांगितलं होतं, "व्हॉल्व्ह बसवतात तो बॉयलर वाईट असतो म्हणून नाही. तो चांगला असतो, जोरात चालतो, आणि जोरात चालणाऱ्या कुठल्याही गोष्टीला आपण कुठं थांबायचं ते कळत नाही. म्हणून थांबवणारा बाहेरचा पाहिजे. आणि तो जाळाच्या हाताखालचा नको." तो पुठ्ठा तिच्या खोलीत कायमचा राहिला. भिंतीवर त्याच्या खालच्या बाजूला माझा आणि तिचा फोटो होता.

मी गेलो होतो एकदा त्यांच्याशी वाद घालायला. मुद्दा सिनेटचा. म्हटलं, काका, चार कोटींच्या आसपास वस्तीच्या राज्याला दोन माणसं आणि सहा लाखांनाही दोनच. एकाच्या मताला दुसऱ्याच्या साठ-सत्तरपट वजन. हा हिशेब चुकलेला आहे.

"चुकलेलाच आहे," काका म्हणाले.

मी वस्तीचा तक्ता खिशातून काढला होता. तो परत घडी करून ठेवला.

"लिहिणाऱ्यांनाही ठाऊक होतं. पण लहान राज्यं उठून चालली होती. बैठक मोडली असती, तर कागदच झाला नसता. श्रीकांत, तू त्याला हिशेब समजून राहिला. तो करार आहे. हिशेब बरोबर असावा लागतो. करार टिकावा लागतो."

मुक्ता तिथेच चिवडा खात बसली होती. तिने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. नुसती मान हलवली, त्यांच्या बाजूने.

नंतर क्रिकेटच्या मैदानाची गोष्ट झाली. आमच्या भागातल्या पार्कमध्ये क्रिकेटची खेळपट्टी करायचा प्रस्ताव नगरपालिकेपुढे होता. आम्ही सत्तेचाळीस जण सभागृहात गेलो होतो. तिथे कोणीही उठून तीन मिनिटं बोलू शकतो. विरोधात त्याच पार्कमध्ये सॉफ्टबॉल खेळवणारे एक लाल टोपीवाले म्हातारे उठले. त्यांचं बोलणं लांबलं, आमच्यातल्या काहींनी हुर्यो केली, आणि त्या गोंधळात अध्यक्षबाईंनी त्यांना वेळ संपली म्हणून बसवलं. वेळ संपली नव्हती. माझ्या हातात घड्याळ होतं. अजून अडतीस सेकंद होते. मी बायकोच्या कानात तसं सांगितलंही.

पुढचा नंबर काकांचा होता. खेळपट्टीच्या बाजूने बोलायला आम्ही त्यांनाच पुढे केलं होतं. काका उठले, माइक खाली वाकवला आणि इंग्रजीत म्हणाले, "माझ्याआधीच्या गृहस्थांची साधारण चाळीस सेकंद राहिले आहेत. ते त्यांना मिळावेत. मी थांबतो." आणि माइकपाशी उभेच राहिले. शेवटी अध्यक्षबाईंनी त्या म्हाताऱ्यांना पुन्हा बोलावलं. ते आणखी चाळीस सेकंद आमच्याविरुद्ध बोलले.

बाहेर आल्यावर आमची मंडळी काकांवर तुटून पडली. "काका, तुम्ही आपल्या बाजूचे की त्यांच्या?"

"आपल्याच. म्हणून तर. उद्या आपला माणूस मधेच बसवला, तर कोणत्या तोंडाने उठशील?"

खेळपट्टी पुढच्या वर्षी झाली. ते सॉफ्टबॉलवाले काकांना गोठलेल्या तळ्यावर मासे पकडायला नेऊ लागले. काका शाकाहारी. मासे पकडायला बर्फात पाडलेल्या भोकापाशी लवंग चघळत बसून राहायचे. माझ्या मनात मात्र एकच खिळा बसला. चाळीस नव्हते, अडतीस होते. बरोबर आकडा माझ्याकडे होता. उठले ते.

आता मंडळाची गोष्ट.

आमच्या मराठी मंडळाची घटना काकांनीच लिहिलेली. अकरा पानं. तीत अमेरिकेच्या घटनेतलं जे मंडळाला झेपेल ते सगळं होतं. अध्यक्ष लागोपाठ दोन वर्षांपेक्षा जास्त राहू शकत नाही. घटना बदलायची तर हजर सभासदांपैकी दोन तृतीयांश मतं हवीत, आणि सभेला एकूण सभासदांपैकी एक तृतीयांश हजर हवेत. त्याहून कमी असले तर झालेलं सगळं रद्द. दोन वर्षांची अट का, असं विचारलं की काका सांगायचे, "या देशाच्या पहिल्या अध्यक्षाने दोन वेळा झाल्यावर आपणहून घर गाठलं. लिहिलेलं नव्हतं. मग दीडशे वर्षं ती रीत चालली. पुढे एक जण चारदा निवडून आला. माणूस चांगलाच होता. मग लोकांना कळलं की रीत चांगल्या माणसाला थांबवत नाही. तेव्हा लिहावं लागलं."

काकांनी मला सभासद नोंदणीचं काम दिलं होतं. म्हणजे सभेच्या दारात टेबल टाकून बसायचं आणि येणाऱ्या सभासदाच्या नावापुढे खूण करायची. नऊ वर्षं मी दारात बसलो. आत माइकवर बोलणारे वेगळे. मला अध्यक्ष व्हायचं होतं. ही इच्छा मी कोणाला बोलून दाखवली नव्हती, पण बायकोला माहीत होती, आणि मला वाटतं मुक्तालाही. मंडळाचं रौप्यमहोत्सवी वर्ष येत होतं. अध्यक्ष म्हणून काकांची दोन वर्षं संपत होती. मी अर्ज भरला. समोर दुसरा कोणी नव्हता.

आमची वार्षिक सभा संक्रांतीच्या रविवारी एका शाळेच्या कॅफेटेरियात होते. आधी जेवण, मग सभा, कारण आधी सभा ठेवली तर माणसं जेवणाच्या वेळेला येतात. गणसंख्या मोजायची आमची एक पद्धत पडून गेली होती. मोठ्यांना मोठी ताटं, मुलांना छोटी. किती मोठी ताटं गेली ते वाढणाऱ्यांनी सांगायचं आणि सचिवाने तोच आकडा वहीत लिहायचा. त्या वर्षी सभासद एकशे शहाऐंशी. म्हणजे बासष्ट हवेत. पुरणपोळ्या होत्या, पण बाहेर उणे पंचवीस होतं, गाड्या सुरू होत नव्हत्या. सचिव प्रसादने जाहीर केलं, "चौसष्ट ताटं गेलीत. कोरम पूर्ण."

सभा सुरू झाली, आणि कोणीतरी उठून म्हणालं, रौप्यमहोत्सवाला वझलवारकाकाच हवेत. दोन वर्षांची अट काढून टाकू. टाळ्या. मग अनुमोदन द्यायला जी उठली ती मुक्ता. तेवीस वर्षांची, कायद्याच्या दुसऱ्या वर्षाला, स्वतःची वर्गणी भरून झालेली सभासद. कायली नावाच्या मैत्रिणीला घेऊन शहरातून जेवायला आली होती. ती म्हणाली, "काका नसते तर मी लॉ स्कूलला गेलेच नसते. आय सेकंड इट."

ते मला नवीन नव्हतं. कॉलेजच्या अर्जासाठी तिने लिहिलेला निबंध मी वाचला होता. पहिलंच वाक्य होतं, 'आमच्या शेजारी एक बॉयलर तपासणारे गृहस्थ राहतात.' त्या निबंधात 'माझे वडील' हे शब्द कुठेही नव्हते. मी दोनदा पाहिलं होतं.

मी काकांकडे बघत होतो. आता विचारतील, कुठं लिहिलंय? त्यांनी नाही विचारलं. खिशाकडे हात गेला नाही. ते खाली बघून हसत होते, आणि कान लाल झाले होते. आवडलं होतं त्यांना. ठराव मंजूर झाला, मी अर्ज मागे घेतला, काका तिसऱ्यांदा अध्यक्ष झाले. माझ्याकडे कोणाचं लक्ष नव्हतं. मी दारातल्या टेबलाची घडी घातली.

घरी येऊन, सवयीने, खुणा मोजल्या. एकसष्ट.

पुन्हा मोजल्या. एकसष्ट. ताटं चौसष्ट, सभासद एकसष्ट. तीन ताटं कोणाची ते मला पाच मिनिटांत कळलं. दोन जण एकांचे भारतातून आलेले आईवडील, आणि तिसरी मुक्ताची मैत्रीण. एका माणसाने गणसंख्या कमी पडली होती. दुरुस्ती रद्द, निवडणूक रद्द.

मी मुक्ताला फोन केला. सांगितलं.

"ओह नो. कायलीचं ताट! बाबा, जस्ट कॉल हिम. आत्ता."

"करतो," मी म्हटलं.

केला नाही. एक दिवस गेला, आठवडा गेला. मी कागद तयार केला. खुणांची यादी, ताटांचा आकडा, घटनेचं कलम, सगळं एका पानावर. पुढची कार्यकारिणीची बैठक चार आठवड्यांनी होती. मला ते सगळ्यांसमोर वाचायचं होतं. काकांसमोर. त्यांच्याच अकरा पानांतून त्यांना चूक दाखवायची होती, एकदा. त्या चार आठवड्यांत मी त्यांच्या घरावरून रोज दोनदा गाडीने गेलो. एकदा ते माझ्या ड्राइव्हवेवरचा बर्फ ओढत होते. काच खाली करून मी 'थँक यू' म्हटलं.

बैठक वाचनालयाच्या मागच्या खोलीत, दुपारी. मी उभा राहिलो आणि पान वाचलं.

लगेच कालवा झाला. "अरे श्रीकांत, एका माणसाने काय होतंय!" "कार्यक्रमाचा हॉलसुद्धा बुक झाला!" प्रसाद चिडून म्हणाला, "ताटंच मोजतो आपण. कायमची पद्धत आहे ती."

"कुठं लिहिलंय?" काका म्हणाले.

प्रसादने वही मिटली.

त्यांनी माझी यादी मागितली. खिशातून चष्मा काढून लावला. पेन्सिलीच्या टोकाने एकेक खूण मोजली. मग उलट्या बाजूने मोजली. मग मंडळाची घटना मागवून ते कलम वाचलं, स्वतः लिहिलेलं, जणू पहिल्यांदा पाहतायत असं. "एकसष्ट," ते म्हणाले, आणि खुर्ची मागे सारून उठले. अध्यक्षाच्या जागेवरून टेबलाला वळसा घालून आले आणि माझ्या शेजारच्या रिकाम्या खुर्चीत बसले. "प्रसाद, नवीन निवडणुकीपर्यंत सभा सचिव चालवतो. कलम सात. तिकडं जाऊन बस."

मला वाटलं होतं तो माझा दिवस असेल. खोलीतला प्रत्येक माणूस त्यांच्याकडे बघत होता.

पार्किंगमध्ये ते माझ्या गाडीपर्यंत आले. सँडलवर बर्फ.

"तुला केव्हा कळलं?"

"त्याच दिवशी, संध्याकाळी."

"आणि माझ्या घरी यायला किती वेळ लागतो?"

"चार मिनिटं."

"मग चार आठवडे?"

मी किल्लीशी चाळा करत राहिलो. खोटं बोलता आलं असतं, पण समोर ते होते.

"जळून राहिला तू माझ्यावर," काका म्हणाले. रागाने नाही. बॉयलरवरचा काटा वाचून दाखवावा तसं. "आजपासून नाही. पोरगी माझ्याकडे यायला लागली तेव्हापासून."

"थोडा," मी म्हटलं.

"थोडा नाही बाप्पा, चांगला. मला ठाऊक होतं. दारात तुला कोणी बसवलं? मी. का? सगळ्या मंडळात माझ्या पाया पडणारे दीडशे, आणि माझ्यावर नजर ठेवणारा एक. त्यातून त्याला आकडा खोटा लिहिता येत नाही. असा माणूस कुठं मिळतो?" त्यांनी खिशावर हात ठेवला. "हे लिहिणारे काही देवमाणसं नव्हते. एकमेकांना पाण्यात बघत होते. त्यांनी हुशारी एवढीच केली की, जळणाऱ्याला हाकललं नाही. त्याला पहाऱ्याला बसवलं. त्या दिवशी मला टाळ्याच ऐकू आल्या. कागद नाही. तुला ऐकू आला."

नऊ वर्षं जी जागा मी अपमान म्हणून मोजत होतो ती त्यांनी व्हॉल्व्ह म्हणून बसवली होती.

"पण चार आठवडे तुझे," ते जाता जाता म्हणाले. "व्हॉल्व्ह दाब चढला की उघडतो, चार लोक बघायला आल्यावर नाही."

पुन्हा सभा झाली. नावं पुकारून मोजणी झाली, सत्त्याण्णव हजर. दुरुस्ती कोणी मांडली नाही. अध्यक्षपदासाठी माझं नाव काकांनी सुचवलं. माझ्याविरुद्ध कोणी उभं राहिलं नाही. म्हणजे निवडून आलो तोही त्यांच्याच शब्दावर. माझ्यासाठी टाळ्या वाजल्या, आणि ते खाली बसताना त्यांच्यासाठी वाजल्या. कोणत्या जास्त वेळ चालल्या ते मी लिहीत नाही. मोजल्या होत्या.

मग काकांनी हात वर करून विचारलं, "नोंदणीची जागा रिकामी झाली ना? मी बसतो दारात."

दोन वर्षं ते दारात बसले आणि मी माइकवर बोललो. माझ्या तीन चुका त्यांनी काढल्या. तिन्ही त्याच दिवशी, चार मिनिटांच्या आत, मला एकट्याला गाठून. मुक्ता घरी आली की अजूनही आधी तिकडे जायची. फक्त आता परत येऊन मला सांगायची, "काका म्हणतात, बाबांच्या सभेचे मिनिट्स फार परफेक्ट असतात." हे वाक्य तिने तीनदा सांगितलं. तिन्ही वेळा मला बरं वाटलं आणि तिन्ही वेळा वाटलं की, हे तिला स्वतःला का वाटत नाही?

मी एक नियम केला. ताटांचा घोळ पुन्हा होऊ नये म्हणून सभासदांची रांग वेगळी, पाहुण्यांची वेगळी. सभासद आधी जेवतील, पाहुणे नंतर. मी स्वतः लिहिला, सभेने मंजूर केला, घटनेला जोडला.

माझी दोन वर्षं संपत होती त्याच हिवाळ्यात काकूंचे गुडघे गेले. त्यांचा मुलगा दुसऱ्या राज्यात, हर्नडनला असतो. घर विकून तिकडे जायचं ठरलं. घराचे कागद शुक्रवारी झाले, विमान मंगळवारी होतं. मधले चार दिवस दोघं आमच्याकडे राहिले, मुक्ताच्या खोलीत. चौदा पायऱ्या काका कठड्याला धरून चढत. पुठ्ठ्यावरच्या बॉयलरचा रंग उडाला होता. त्यांनी खिशातल्या पेनने व्हॉल्व्ह पुन्हा गिरवला.

रविवारी संक्रांतीची सभा. काका सकाळीच जाऊन दारात बसले. लोक येत होते, त्यांच्या पाया पडत होते, ते पाय मागे घेऊन म्हणत होते, "आधी खूण." मीही पुढे झालो. "नाव?" त्यांनी विचारलं.

"काका, मी अध्यक्ष आहे."

"असशील. खूण नावापुढे होते."

मी नाव सांगितलं.

जेवणं सुरू झाली. अध्यक्ष म्हणून मला पहिल्या टेबलावर बसवलं होतं. पहिली पोळी वाढली गेली आणि माझ्या लक्षात आलं, काका दिसत नाहीत. दाराजवळचं टेबल रिकामं होतं. मग दिसले. पाहुण्यांच्या रांगेत, भारतातून आलेले कोणाकोणाचे आईवडील, दोन गोरे जावई, त्यांच्या मागे, हातात रिकामं मोठं ताट घेऊन. कोणाला तरी काही सांगत होते आणि ती माणसं हसत होती.

मी ताट ठेवून तिकडे गेलो. "काका, हे काय? चला पुढे."

"सभासद इथला रहिवासी असला पाहिजे. कलम दोन. माझं घर शुक्रवारी गेलं."

"अहो, मंगळवारपर्यंत तुम्ही माझ्या घरी राहताय! आणि आज सत्त्याऐंशी आलेत. एका माणसाने काय होतंय?"

बोलून गेलो आणि ऐकलं. वाचनालयातल्या त्या खोलीत हेच वाक्य मला कोणीतरी म्हटलं होतं.

"चला ना," मी म्हटलं. "तुम्ही मागे उभं राहायचं असं कुठं लिहिलंय?"

काका माझ्याकडे बघून हसले. खिशातून पिशवी काढली, एक लवंग माझ्या हातावर ठेवली.

"तूच लिहिलंस," ते म्हणाले. "चांगलं लिहिलंस."

मी परत फिरलो. वाटेत मुक्ता भेटली. सभासदांच्या रांगेत तिचा नंबर आलेलाच होता. तिने आपलं ताट उचललं, माझ्या समोरून गेली आणि काकांच्या मागे जाऊन उभी राहिली. जाताना तिने माझ्या दंडावर हात ठेवला. किती वेळ ते मी मोजलं नाही.

मी पहिल्या टेबलावर गेलो नाही. दारातल्या रिकाम्या टेबलापाशी बसलो, लवंग गालात धरून. समोर त्यांची यादी होती. सभासद सत्त्याऐंशी. खाली पाहुणे, त्यांच्या अक्षरात, एकेकाचं नाव, आणि सगळ्यांत शेवटी, वझलवार म. त्याखाली बेरीज, वीस.

कॅफेटेरियाच्या त्या टोकाला सगळे त्यांच्याकडे बघत होते. मी रांगेतली माणसं मोजली. त्यांच्या पुढे एकोणीस होती.

बेरीज बरोबर होती.